विश्वचषकाच्या निमित्ताने आम्ही दोघे

बँकेच्या नोकरीत माणसाचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, ते एप्रिलमध्ये सुरू होते. ३१ मार्चचा ताळेबंद, त्यानंतर लेखापरीक्षकांची भेट, आणि मग कुठे मे-जूनमध्ये रजेचा अर्ज पुढे सरकवण्याचे धाडस. आपल्या व्यापारी कुटुंबांचेही थोडेफार असेच असते. लग्नसराईची गर्दी ओसरल्यावर आणि चातुर्मास लागण्याआधी जे चार-सहा आठवडे मिळतात, तेवढेच दूरच्या प्रवासाचे. फुटबॉलच्या विश्वचषकाचा हंगामही बहुधा तोच असतो: दर चार वर्षांनी येणारा जून आणि जुलै. आमच्या परदेश प्रवासाची आणि या स्पर्धेची पहिली गाठ पडली ती अशी, निव्वळ योगायोगाने. पुढे मात्र तो योगायोग राहिला नाही. कसा राहिला नाही, ते सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

आरंभीच एक कबुली देतो. फुटबॉलची आवड माझी नव्हे, आमच्या सौ.ची आहे. मी वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर विद्यार्थी. मला धावसंख्या कळते, सरासरी कळते. नव्वद मिनिटे बावीस माणसे धावतात आणि शेवटी शून्य-शून्य अशी बाकी निघते, हा व्यवहार मला अनेक वर्षे तोट्याचाच वाटत आला.

गच्चीवरून ऐकलेला खेळ

सौ.चे माहेर कोल्हापूरचे, मंगळवार पेठेतले. वडिलांची शाहूपुरीत गुळाची अडत. कोल्हापूर हे कुस्तीचे गाव म्हणून सर्वांना ठाऊक आहे. पण तेथील पेठापेठांत फुटबॉलचेही तेवढेच वेड आहे, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की त्या दिवशी अर्ध्या शहराचे लक्ष तिकडे असते. सौ.च्या घराच्या गच्चीवर स्टेडियमच्या आरोळ्या स्पष्ट ऐकू येत. गोल झाला की चेंडू खांबाला लागून परतला, हे आवाजाच्या चढउतारावरून ती ओळखत असे. तिचे भाऊ सामन्याला जात. तिने विचारले, तर ‘मुलींनी तिथे जायचे नसते’ एवढ्यावर विषय संपे. त्या काळी आपल्या घरांतून याहून वेगळे उत्तर मिळतही नसे, आणि त्याबद्दल तिने कधी तक्रार केल्याचे मला आठवत नाही.

आमचे लग्न १९८४ सालचे. दोन वर्षांनी मेक्सिकोत विश्वचषक झाला आणि दूरदर्शनमुळे तो थेट आमच्या घरात आला. माझी नेमणूक तेव्हा तालुक्याच्या शाखेत होती. तेथील दुपारचा सामना आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू होई. अर्जेंटिना आणि इंग्लंड यांच्यातील २२ जूनच्या सामन्याच्या रात्री मी पाठ फिरवून झोपलो होतो. चार मिनिटांच्या अंतराने मॅराडोनाने केलेले ते दोन गोल, एक हाताने ढकललेला आणि दुसरा अर्ध्या मैदानाला चकवून केलेला, सौ.ने आवाज बारीक ठेवून एकटीने पाहिले. सकाळी माझ्या बँकेच्या जुन्या डायरीत तिच्या अक्षरांत नोंद होती: तारीख, संघ, निकाल. ती डायरी पुढे तिचीच झाली. दर चार वर्षांनी तिची पाने भरत गेली. माझी खर्चाची वही निराळी आणि तिची सामन्यांची वही निराळी, असा आमचा संसार चालू राहिला.

फ्रँकफुर्टची रात्र

२००६ च्या जूनमध्ये आम्ही प्रथमच परदेशी गेलो. एका प्रवासी कंपनीची युरोपची ठरावीक सहल होती: लंडन, पॅरिस, स्वित्झर्लंड आणि जर्मनी. त्याच महिन्यात जर्मनीत विश्वचषक होता. सहलीच्या तारखा मी रजेच्या सोयीने निवडल्या होत्या, स्पर्धेचा विचारही मनात नव्हता. सौ.ने मात्र कार्यक्रमपत्रिका डायरीशी ताडून पाहिली होती. २१ जूनचा आमचा मुक्काम फ्रँकफुर्टजवळ होता आणि त्याच रात्री नऊ वाजता फ्रँकफुर्टमध्ये अर्जेंटिना विरुद्ध नेदरलँड्स असा सामना होता.

दुपारी आमची बस शहरातून गेली. रस्ते नारिंगी आणि आकाशी-पांढऱ्या सदऱ्यांनी भरून गेले होते. माइन नदीच्या पात्रात एक प्रचंड पडदा उभारला होता आणि दोन्ही काठांवर लोकांसाठी बसण्याची सोय केलेली होती. तिकिटे मिळणे अशक्यच होते; पण नदीकाठी बसून पडद्यावर सामना पाहणे आम्हांला सहज शक्य होते. तिकडे जूनमध्ये सूर्य मावळायला रात्रीचे साडेनऊ वाजून जातात. आमचे जेवण आठच्या आतच उरकले होते.

“अहो, जाऊ या का? तासा-दोन तासांचा तर प्रश्न आहे,” ती म्हणाली.

“सकाळी सातची बस आहे. परके शहर, रात्रीची वेळ. हॉटेलात दूरचित्रवाणी आहेच की,” मी म्हणालो.

ती पुन्हा बोलली नाही. खोलीत जर्मन भाषेतील समालोचन ऐकत तिने सामना पाहिला आणि मी झोपलो. सामना शून्य-शून्य असा सुटला. सकाळी मी विनोदाने म्हणालो, “बघ, काही चुकले नाही आपले.” ती हसली. मला वाटले, हिशेब मिटला.

अकरा वर्षांनी, २०१७ मध्ये मी निवृत्त झालो आणि आम्ही कोल्हापुरात कायमचे राहायला आलो. सामान लावताना ती डायरी हाती आली. मी सहज पाने चाळली. एका पानावर लिहिले होते: ‘२१ जून २००६. फ्रँकफुर्ट. अर्जेंटिना ०, नेदरलँड्स ०. हॉटेलात पाहिला. गर्दी बसमधून दिसली.’

त्या सहलीची माझी खर्चाची वहीही तेथेच होती. ती उघडली. त्याच आठवड्यात मी लाकडी कोकिळा असलेले एक घड्याळ पंच्याऐंशी युरो मोजून घेतले होते. ते दोन वर्षांत बंद पडले आणि माळ्यावर गेले. नदीकाठी जायला तर फारसे पैसेही लागणार नव्हते, लागणार होती ती माझी थोडीशी झोप. ज्या नोकरीत आयुष्यभर इतरांचे अर्ज मंजूर-नामंजूर केले, त्या नोकरीतल्या सवयीने घरातील हा एकच अर्ज मी वाचल्याशिवायच नामंजूर केला होता. त्या संध्याकाळी ही गोष्ट मला फार लागली.

मॉस्को: सामना आणि त्याचे तिकीट

पुढचा विश्वचषक २०१८ मध्ये रशियात होता. डिसेंबरमध्ये मॉस्कोत सोडत होऊन सामने ठरले. जानेवारीत मी सौ.ला न सांगता तिकिटांसाठी नाव नोंदवले. वाचकांपैकी कोणास जायचे असल्यास उपयोगी पडेल म्हणून सांगतो: ही तिकिटे स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतात, मागणी जास्त असल्यास सोडत काढतात, आणि दलालाकडून घेतलेल्या तिकिटावर प्रवेश मिळेलच याची शाश्वती नसते. परदेशी प्रेक्षकांसाठी साखळी सामन्याचे सर्वांत स्वस्त तिकीट १०५ डॉलरचे होते, म्हणजे त्या वेळचे सुमारे सात हजार रुपये. सामन्याचे तिकीट असणाऱ्याला ‘फॅन आयडी’ नावाचे ओळखपत्र मिळे आणि तेच व्हिसाच्या जागी चाले. सामन्याच्या शहरांमध्ये ये-जा करण्यासाठी खास रेल्वेगाड्या होत्या आणि आधी नोंदणी केल्यास त्यांचे भाडे नसे. इतकी प्रवाशांच्या सोयीची व्यवस्था मी तरी पूर्वी पाहिली नव्हती.

सोडतीत नाव निघाले. १६ जून २०१८, मॉस्को, अर्जेंटिना विरुद्ध आइसलँड. कागद सौ.च्या हातात दिला. तिने तो दोनदा वाचला आणि म्हणाली, “तुम्हांला कंटाळा येईल हो.” मी म्हणालो, “आला तर झोपेन. सवय आहे.”

जेवणाची काळजी आपल्या प्रत्येक प्रवाशाला असते, तशी आम्हांलाही होती. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि लाडू यांवर पहिले चार दिवस निघाले. रशियात बटाटा सर्वत्र असतो आणि तो आम्हांला चालत नाही. परंतु कुट्टूच्या दाण्यांचा मोकळा शिजवलेला भात तेथे घरोघरी खातात. तो, काकडी-टोमॅटो, ताजे पनीर आणि चेरी असे आमचे जेवण ठरून गेले. सूर्यास्त रात्री नऊनंतर होत असल्याने घाई कसलीच नव्हती.

क्रेमलिनजवळच्या निकोल्स्काया रस्त्यावर देशोदेशीचे लोक गात-नाचत होते. हॉटेलात सकाळच्या न्याहारीला पेरू देशाचे एक वयस्क जोडपे आमच्या शेजारी बसले. त्यांना इंग्रजी येत नव्हते आणि आम्हांला स्पॅनिश. त्या गृहस्थांनी कागदी रुमालावर ‘३६’ हा आकडा लिहिला. पेरूचा संघ १९८२ नंतर प्रथमच, छत्तीस वर्षांनी, विश्वचषकात उतरला होता. सौ.ने तोच रुमाल घेऊन खाली ‘३२’ लिहिले, म्हणजे १९८६ पासूनची तिची वर्षे. त्या बाईंनी उठून तिला मिठी मारली. मी कॉफी ढवळत बसलो होतो. परंतु मला ते दोन आकडे कोणत्याही ताळेबंदापेक्षा अधिक स्पष्टपणे वाचता आले.

सामना दुपारी चारचा होता. तिकीट असणाऱ्यांना त्या दिवशी मेट्रोही विनाशुल्क होती. स्टेडियमबाहेर स्पार्टाकसचा भव्य पुतळा आहे. जिना चढून आत शिरताना हिरवे मैदान एकदम समोर येते, तेथे सौ. क्षणभर थांबली. मागच्या लोकांनी “पुढे चला” म्हणावे अशी ती जागा, पण कोणी काही बोलले नाही. मी तिचा हात धरला आणि आम्ही आमच्या खुर्च्या शोधल्या.

माझ्यासारख्या माणसाला त्या सामन्यात रस कशामुळे वाटला, तर आइसलँडमुळे. त्या संपूर्ण देशाची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या घरात. एकट्या कोल्हापूर शहराची २०११ च्या जनगणनेनुसार साडेपाच लाखांच्या जवळपास. तोपर्यंत विश्वचषकात खेळलेला लोकसंख्येने तो सर्वांत लहान देश होता. त्यांचे प्रशिक्षक व्यवसायाने दंतवैद्य होते, गोलरक्षक चित्रपट दिग्दर्शक होता, आणि एक बचावपटू मिठाच्या कारखान्यात नोकरी करीत होता. अर्जेंटिनाने एकोणिसाव्या मिनिटाला गोल केला आणि चारच मिनिटांत आइसलँडने तो फेडला. उत्तरार्धात मेस्सीला पेनल्टी मिळाली. सर्व स्टेडियम उभे राहिले. त्या चित्रपट दिग्दर्शकाने उजवीकडे झेप घेऊन चेंडू अडवला. सौ.ने डोळे मिटून घेतले आणि मी, जन्मात प्रथमच, एखाद्या खेळासाठी ओरडलो. गंमत म्हणजे मी ओरडलो तो आइसलँडच्या बाजूने. तिने डोळे उघडून माझ्याकडे असे काही पाहिले की लगेच खाली बसलो.

सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. बाहेर पडल्यावर पेरूचे काय झाले, हे ती फोनवर पाहू लागली. त्यांचा सामना त्याच संध्याकाळी होता. ते शून्य-एक असे हरले. “बिचारी ती दोघे,” ती म्हणाली. नंतर थोड्या वेळाने म्हणाली, “पण आली तरी.”

दोह्याची दुपार

२०२२ चा विश्वचषक कतारमध्ये, उन्हाळ्याच्या भीतीने नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये घेतला गेला. माझा भाचा दोह्यात नोकरीला आहे. ‘हय्या’ नावाच्या प्रवेशपत्रावर राहण्याची जागा नोंदवावी लागे. ती त्याच्या घराची नोंदवली आणि हॉटेलचा खर्च वाचला. तिकीट अडीचशे रियालचे, म्हणजे साधारण साडेपाच हजार रुपये. दोहा जूनमधल्या युरोपच्या नेमके उलट निघाले. तेथे त्या दिवसांत पावणेपाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. त्यामुळे रात्रीचे सामने टाळून मी दुपारी एकचा सामना निवडला: २२ नोव्हेंबर, लुसैल, अर्जेंटिना विरुद्ध सौदी अरेबिया.

सोपा सामना, असे सर्वच म्हणत होते. अर्जेंटिना छत्तीस सामन्यांत हरलेली नव्हती. मेस्सीने दहाव्या मिनिटाला पेनल्टीवर गोल केला. पुढे अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड ठरून रद्द झाले. मध्यंतरानंतर पाच मिनिटांच्या अंतराने सौदी अरेबियाने दोन गोल केले आणि त्या अठ्ठ्याऐंशी हजारांच्या स्टेडियममध्ये हिरवे झेंडे उसळले. त्यांच्या राजाने दुसऱ्या दिवशी देशभर सुट्टी जाहीर केली. आमच्या शेजारी एक सौदी पिता आपल्या लहान मुलाला खांद्यावर घेऊन रडत होता. सौ.ने पिशवीतील खजूर काढून त्या मुलाच्या हातात ठेवला. परक्याच्या आनंदात असे हात पुढे करणे तिला नेहमीच सहज जमते, मला ते शिकावे लागले.

मेट्रोच्या रांगेत तासभर गेला. घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. भाच्याच्या पत्नीने ताटे झाकून ठेवली होती. पण आम्ही दोघांनीही ती तशीच राहू दिली. भाचा हळूच म्हणाला, “मामा, मामीचा उपवास सूर्यास्तामुळे आहे की अर्जेंटिनामुळे?” मामीनेच उत्तर दिले, “दोन्हीमुळे.”

एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. ती झळाळती स्टेडियमे भारत, नेपाळ, बांगलादेश येथून आलेल्या मजुरांच्या श्रमांवर उभी राहिली होती. भाच्याच्या इमारतीचा पहारेकरी बिहारचा होता आणि सुतारकामासाठी त्याने अशाच एका स्टेडियममध्ये दोन वर्षे घालवली होती. आत बसून सामना मात्र त्याने पाहिला नव्हता. सौ.ने त्याला आमच्या तिकिटाचे छायाचित्र दाखवले, तेव्हा आपण कोणत्या जिन्याने चढलो असू, हे त्याने अचूक सांगितले.

हिशेबाची बाकी

दोन देशांचे प्रवास, दोन सामने. एक बरोबरी आणि एक हार. ज्या संघासाठी सौ.ने आयुष्यभर डायरी भरली, त्याचा विजय तिला मैदानात एकदाही दिसला नाही. अर्जेंटिनाने १९८६ नंतर छत्तीस वर्षांनी विश्वचषक जिंकला तो १८ डिसेंबर २०२२ रोजी, फ्रान्सशी तीन-तीन अशी बरोबरी होऊन पेनल्टीवर चार-दोन. तो आम्ही कोल्हापुरात घरच्या दिवाणखान्यात पाहिला. त्या रात्री मी झोपलो नव्हतो, हे मुद्दाम सांगतो.

एका स्नेह्यांनी विचारले, “एवढा खर्च करून गेलात, पदरात काय पडले?” व्यापारी माणसाचा हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, स्थळे पाहण्याच्या सहलीत आपण दोघे एकाच बसमध्ये बसतो. पण शेजारी बसूनही एकमेकांच्या मनाजवळ जातोच असे नाही. स्पर्धेच्या निमित्ताने प्रवास केला तेव्हा मला आपल्या पत्नीला काय आवडते आणि का आवडते, हे अठ्ठावन्न-साठ वर्षांच्या वयात समजले. निवृत्तीनंतर ज्यांना परदेशी जायचे आहे, त्यांना माझे एवढेच सांगणे: ठिकाण ठरवण्याआधी जोडीदाराला विचारावे, की पूर्वी कधी मागून न मिळालेले असे काही आहे का. ते फुटबॉलच असेल असे नाही. एखाद्याला बागा पाहायच्या असतील, एखादीला विणकाम शिकायचे असेल. उत्तर मिळेपर्यंत थांबावे, कारण ज्यांना बरीच वर्षे कोणी विचारलेले नसते, ते लगेच सांगत नाहीत.

पुढचा विश्वचषक २०२६ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको येथे आहे. संघ अठ्ठेचाळीस, सामने एकशे चार, आणि सलामीचा सामना मेक्सिको शहरातील अझ्टेका स्टेडियममध्ये, जेथे १९८६ चे ते दोन गोल झाले. सौ.चे गुडघे आता फार चालू देत नाहीत. जायचे की नाही, हे अजून ठरलेले नाही. अर्ज तिच्याकडे आहे, मंजुरीही तिचीच.

मात्र एक प्रवास आम्ही दोह्याहून परतल्यावर लगेच केला. विमानतळावर ती म्हणाली होती, “दोन देशांच्या मैदानांत बसले, पण माझ्या पेठेतल्या मैदानात एकदाही नाही.” जानेवारीतल्या एका दुपारी आम्ही रिक्षाने शाहू स्टेडियमला गेलो. सामना दोन तालमींचा होता. गर्दी होती, पण तरुण मुलांनी “काकू, इकडे बसा” म्हणून सावलीतली जागा करून दिली. पहिला गोल झाला तेव्हा ती मैदानाकडे पाहतच नव्हती. पेठेच्या दिशेने मान वळवून, तेथून आपली जुनी गच्ची दिसते का, हे ती शोधत होती.

घरी आल्यावर डायरीत त्या सामन्याची नोंद झाली. जाण्या-येण्याच्या रिक्षाचे भाडे मी त्याच पानावर खाली लिहिले. माझी खर्चाची वही आता मी ठेवत नाही.